सॉकेट आधी, झगमगाट नंतर

प्रोसेसर आणि मदरबोर्डचा सॉकेट जुळला नाही, तर बाकीची खरेदी फुकट. एएमडीच्या डेस्कटॉप रायझन ७००० आणि ९००० मालिकांना एएम५ सॉकेट लागतो. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठी एलजीए १७००. त्याचे काही बोर्ड डीडीआर४चे, काही डीडीआर५चे. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने जुनी रॅम नव्या बोर्डात जोर लावूनही बसत नाही (आणि जोर लावूच नये). सॉकेट जुळूनही गाडी अडते ती बायोसपाशी. जुन्या बायोसचा बी६५० बोर्ड ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही. लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करण्याआधी दुकानदाराला बोर्डाचा बायोस ताजा आहे का, हे विचारा.

इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड हवंच. मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, तेव्हा कॅबिनेटचं माप पाहा. रंगीत दिवे हवे असतील तर जरूर घ्या, पण त्यासाठी पॉवर सप्लायच्या पैशांत काटकसर करू नका. स्वस्त, बिननावाचा सप्लाय बिघडला, तर महागडं कार्डही सोबत नेऊ शकतो.