आधी भिंत, मग ड्रिल

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीनची पेटी हातात आली की गिऱ्हाईक एकच आकडा शोधतं : वॅट. ५०० की ६५०? जास्त असेल ते दणकट, असा साधा हिशेब. त्याच पेटीवर बारीक अक्षरांत आणखी दोन आकडे असतात, ते मात्र कुणी वाचत नाही. उदाहरणार्थ, मिनिटाला २८०० फेरे आणि ४४,८०० ठोके. मोठ्या आकड्याला लहानाने भागा. बरोबर १६ येतात. यंत्राच्या पोटातल्या दातेरी चकतीला सोळा दाते आहेत आणि बिट एकदा फिरेस्तोवर सोळा वेळा भिंतीवर आदळतं, एवढं त्या भागाकारातून कळतं.

घरासाठी मिळणारं बहुतेक 'इम्पॅक्ट ड्रिल' असंच चालतं. जात्याच्या दोन तळ्यांसारख्या दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. एक स्थिर, एक फिरती. तुम्ही मशीन भिंतीवर दाबलंत की दात्यावर दाता चढतो, घसरतो, पुन्हा चढतो आणि प्रत्येक घसरणीला एक धक्का बिटाच्या टोकाशी पोचतो. धक्का अगदी छोटा, पण सेकंदाला सातशेच्या वर. दाब काढला की ठोके बंद. म्हणून हे मशीन चालवताना खांदा दुखतो, कारण हातोडीची निम्मी ताकद तुमचीच असते.

ठोके हवेतच कशाला? लाकूड आणि लोखंड कापलं जातं, त्यांची साल निघते, कीस निघतो. वीट, दगड, काँक्रीट ठिसूळ असतात. दाब सहन करण्यात ते पक्के, ताणात कच्चे. टोकाचा धक्का बसला की खाली सूक्ष्म तडे जातात, कण सुटतात. फिरण्याचं काम दोनच : टोक नव्या जागी नेणं आणि बिटाच्या पिळातून भुकटी बाहेर ओढणं. त्यामुळे भिंतीच्या बिटाचं टोक बोथटच दिसतं. ते टंगस्टन कार्बाइडचं असतं, कारागिरांच्या भाषेत 'विडिया'. त्याला धार लावायला बसू नका.

आता भिंतीकडे येऊ, कारण मशीन निवडते ती भिंत. बडोद्याचं सयाजीगंज त्यासाठी फार सोयीचं ठिकाण आहे. स्टेशन आणि काळा घोडा चौक यांच्यामधल्या एवढ्याशा भागात वास्तुविशारद चिझमने आखलेली बडोदा कॉलेजची विटांची, घुमटाची इमारत आहे आणि आसपास काँक्रीटच्या सांगाड्यावर उभी राहिलेली दुकानं, हॉटेलं, फ्लॅट. जुन्या शहरात शिरलात तर चुना, जाड विटा आणि लाकडी खांब-तुळयांचे वाडे. (रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, हे एक बरंच झालं, तिथल्या चित्रांनी भरलेल्या भिंतींवर कुणी कॅलेंडर टांगणार नाही.)

भारतीय मानकांप्रमाणे साध्या भाजलेल्या विटेची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनपासून सुरू होते. सळईच्या काँक्रीटसाठी किमान २० लागते. मधल्या खडीची गोष्ट तर वेगळीच. काळ्या बेसॉल्टची ताकद सहज शंभराच्या पुढे जाते. छोट्या मशीनचं बिट अशा खडीवर आलं की ते पुढे सरकत नाही, बाजूला निसटतं. भोक तिरकं होतं, टोक तापून निळं पडतं आणि शेजारी दार वाजवतात.

घरात हे काँक्रीट नेमकं कुठे भेटतं? पडद्याच्या रॉडजवळ. फ्लॅटमधल्या भिंती विटांच्या असल्या तरी खिडकीच्या डोक्यावर लिंटेल असते, काही घरांत सरळ बीमच. नवीन ड्रिल घेऊन माणूस पहिलं काम काढतो ते पडद्याचं, म्हणजे घरातल्या सर्वांत कठीण जागी. तिथे ते अडलं की दोष मशीनला. तेच मशीन हॉलमधल्या विटांच्या भिंतीत सहा मिलिमीटरचं भोक अर्ध्या मिनिटात पाडून देईल.

भिंत ओळखायची सोपी खूण म्हणजे भुकटी. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरची करडी भुकटी पडणारच. त्यानंतर लाल पडू लागली की वीट, निर्धास्त चालवा. करडीच राहिली आणि बिट तरीही सरसर आत चाललं, तर फ्लाय अ‍ॅशची वीट किंवा हलका एएसी ब्लॉक. ब्लॉकमध्ये ठोके बंद ठेवा, नाहीतर भोक ऐसपैस होऊन स्क्रूची गिट्टी हलत राहील. करडी भुकटी, चिरका आवाज आणि बिट जागचं हलेना, हे काँक्रीट. आणि मध्येच चकचकीत लोखंडाचा कीस दिसला तर सळई लागली. तिथे हट्ट न करता भोक बाजूला घ्या. टाइलवर सुरुवात नेहमी ठोके बंद ठेवून, हळू वेगाने, चिकटपट्टी लावून.

काँक्रीटसाठी जात वेगळी : रोटरी हॅमर. त्यात दातेरी चकत्या नसतात. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा एक पोलादी ठोकळा बिटाच्या मागे फेकते. ठोके मिनिटाला चारेक हजारच, पण एकेका ठोक्यात दोन-तीन जूल ऊर्जा. खांद्याने रेटायची गरज नाही. याचं बिट चावीच्या चकमध्ये आवळायचं नसतं, खाचांचा दांडा नुसता आत सरकवायचा. किंमत आणि वजन मात्र दोन्ही चढे. चार भोकांसाठी असं मशीन विकत घेणं मला पटत नाही. भाड्याने आणा किंवा त्या चार भोकांपुरता कारागीर बोलवा.

वॅटबद्दलही सांगितलं पाहिजे. पेटीवरचा वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा. बिटापर्यंत साधारण निम्मीच शक्ती पोचते. बाकीची उष्णतेत आणि गिअरच्या घर्षणात जाते. २३० व्होल्टला ५०० वॅट म्हणजे दोन-सव्वादोन अँपिअर, तेव्हा घरातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. प्लगला दोनच पिना दिसल्या तर घाबरू नका. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. खरा धोका भिंतीतल्या वायरचा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये.

बिनवायरच्या मशीनचा मोह सध्या मोठा आहे. स्क्रू पिळायला, कपाटं जोडायला ते उत्तम. पण त्याच्या व्होल्टचे आकडे तपासून घ्या. लिथियमचा एक सेल सुमारे ३.६ व्होल्टचा, पाच सेल म्हणजे १८. तेच पाच सेल पूर्ण चार्ज झाले की २० भरतात, म्हणून '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' यांत फारसा फरक नसतो. मुठीएवढ्या बॅटरीवर ४८ असा आकडा छापलेला दिसला तर आत तेरा सेल मावतील का, हे स्वतःच बघा.

ज्या बडोद्यात महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये रसायनतज्ज्ञ गज्जरांच्या हाती कलाभवन ही कला-तंत्राची शाळा सोपवली, दादासाहेब फाळक्यांसारखा विद्यार्थी जिथे शिकून गेला, तिथल्या सुशिक्षित घरांत आज आरसा टांगायलाही मिस्त्रीची वाट पाहतात, याचं मला नवल वाटतं. भोकं पाडायची जुनी हत्यारं, सामता आणि गिरमिट, चालवायला मनगट लागायचं. १९१७ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पिस्तुलासारखी मूठ आणि खटका यांचं पेटंट घेतलं तेव्हापासून ती अडचणही राहिलेली नाही.

तेव्हा माझं मत असं : विटांच्या भिंतीचं घर असेल तर वायरचं, १३ मिलिमीटर चकचं, वेग कमी-जास्त होणारं आणि उलट फिरणारं साधं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. ५०० ते ६५० वॅट भरपूर झाले. उरलेले पैसे सहा आणि आठ मिलिमीटरच्या चांगल्या बिटांवर आणि डोळे सांभाळणाऱ्या चष्म्यावर घाला. या मोटरमध्ये कोळशाचे दोन ब्रश असतात, ते झिजतातच. त्या वेळी पन्नास-शंभर रुपयांच्या सुट्या भागावाचून अख्खं मशीन माळ्यावर जातं. बिल करण्याआधी दुकानदाराकडे त्याच मॉडेलच्या ब्रशची जोडी मागा. त्याने काढून दिली तर मशीन घ्या, नाही दिली तर दुसरं दाखवायला सांगा.