क्रियापदापर्यंतचा रस्ता

मराठी माणसाला जपानी शिकताना एक मोठी सोय असते. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्याची ठेवण ओळखीची वाटते. पण हीच सवय विज्ञान लिहिताना आडवी येते. उरायासुला राहायला आल्यावर मी तांत्रिक लेखनाचा एक अभ्यासक्रम केला. त्यातल्या दोन गोष्टी मराठीत लिहिणाऱ्यांनाही उपयोगी पडतील, म्हणून इथे सांगतो.

पहिली गोष्ट अँथनी लेगेट यांची. २००३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हे ब्रिटिश शास्त्रज्ञ तरुणपणी क्योतोत संशोधन करत होते. जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी इंग्रजीत कसं लिहावं, यावर त्यांनी १९६६ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यांचं निरीक्षण असं, की जपानी लेखनात आजूबाजूचे मुद्दे आधी येतात आणि ते कशासाठी आले हे परिच्छेद संपताना कळतं. इंग्रजी वाचकाला मात्र प्रत्येक वाक्य, तोवर वाचलेल्या मजकुराच्या आधारावरच समजायला हवं.

भौतिकशास्त्रज्ञ किनोशिता कोरेओ यांनी विज्ञानाच्या लोकांसाठी लिहिलेल्या लेखनतंत्राच्या पुस्तकात (१९८१) हा मुद्दा पुढे नेला. अशा लेखनाला त्यांनी ‘साकामोगी’ म्हटलं. साकामोगी म्हणजे शत्रूला अडवायला, फांद्यांची टोकं त्याच्याकडे रोखून रचलेलं कुंपण. इथे अडतो तो वाचक!

उरायासुचंच उदाहरण घेऊ. शहराची सुमारे तीन चतुर्थांश जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात इथे मोठ्या प्रमाणावर मातीचं द्रवीकरण झालं. मॅनहोल जमिनीतून वर आले आणि अनेक घरांना ड्रेनेज वापरता येईना. समजा, तेव्हा कुणी अशी सूचना लिहिली असती:

‘समुद्रात भराव घालून केलेल्या, पाण्याने भरलेल्या सैल वाळूच्या आणि भूकंपात बराच वेळ हादरलेल्या जमिनीतले, वाळू शिरून तुंबलेले ड्रेनेजचे पाइप दुरुस्त होईपर्यंत, नळाला पाणी आलं तरी संडासात फ्लश करू नये.’

यात चुकीचं काहीच नाही. पण घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असलेल्या वाचकाला हवे असलेले शब्द सगळ्यात शेवटी आहेत. आता हे वाचा:

‘संडासात फ्लश करू नका, नळाला पाणी आलं असलं तरीही. ड्रेनेजचे पाइप वाळूने तुंबले आहेत. भूकंपात वाळूचे कण एकमेकांपासून सुटले, मधल्या पाण्याचा दाब वाढला आणि जमीन द्रवासारखी वागू लागली. ती वाळू पाइपांत शिरली.’

माहिती तेवढीच आहे, शिवाय कारणही कळतं. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर उभं आहे.

दुसरी गोष्टही किनोशितांचीच: वस्तुस्थिती आणि मत वेगळं ठेवा. इथल्या डिस्नेलँडच्या उद्यानाखालची जमीन बांधकामाआधी घट्ट केलेली होती. उद्यानात द्रवीकरण टळलं, वाहनतळात मात्र झालं. ही वस्तुस्थिती. ‘म्हणजे जमीन घट्ट केली की भूकंपाची काळजी मिटली’ हे मत झालं, आणि घर घेणाऱ्याला महागात पडू शकेल असं मत. ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतला फरक मराठीत एका शब्दात दाखवता येतो. तरी आपण सर्रास ‘असं मानलं जातं’ लिहितो. कोण मानतं? कशावरून? वाचकाला हे विचारायची वेळ येऊ नये.

मराठीचं क्रियापद शेवटीच राहणार आणि ते तिथेच शोभतं. आपल्या हातात आहे तो त्याच्यापर्यंतचा रस्ता छोटा करणं. लिहून झालं की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचून पाहा. तेवढ्यावरून लेखाचा गाभा कळला, तर वाचक वाटेत अडणार नाही.