हिरवं-पांढरं : दिसतं छान, पण वाचता येतं का?

गणपती जवळ आले की परदेशातल्या आपल्या मंडळांत दोन कामं हमखास निघतात. एक, निमंत्रणपत्रिका. दुसरं, सगळ्यांनी कोणत्या रंगाचे कपडे घालायचे ते ठरवणं. दोन्हीकडे हिरवा-पांढरा ही जोडी चटकन सुचते. केळीच्या पानावरचा भात, हिरव्या नऊवारीवर मोत्यांची नथ आणि मोगऱ्याचा गजरा... ही जोडी आपल्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेली आहे.

गेल्या वर्षी पत्रिका मी केली. पोपटी रंगावर बारीक पांढरी अक्षरं. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसली. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवली आणि आमचे एक पंचाहत्तरीचे काका आरती संपल्यावर हॉलवर पोचले. "अरे, वेळ कुठे लिहिली होतीस?" वेळ लिहिली होती, त्यांना ती दिसलीच नव्हती. ऑफिसात वेबसाइट वाचायला सोपी कशी करायची यावर सल्ले देणारा मी, घरच्या माणसांसाठी तेच विसरलो होतो.

चूक कुठे झाली? आपल्या डोळ्यांना हिरवा रंग फार उजळ दिसतो. स्क्रीनवरच्या पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. म्हणजे भडक हिरवा हा पांढऱ्याचा अगदी जवळचा शेजारी! वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांनुसार साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान 4.5 ला 1 हवं, मोठ्या अक्षरांना 3 ला 1 चालतं. स्क्रीनवरच्या सर्वांत भडक हिरव्यावर पांढरी अक्षरं लिहिली तर हे प्रमाण जेमतेम 1.4 भरतं. त्याच हिरव्याची तीव्रता निम्मी केली, की ते 5 च्या पुढे जातं. म्हणून पत्रिकेला बॉटल ग्रीन घ्या. पोपटीच हवा असेल, तर त्यावर गडद हिरवी अक्षरं लिहा.

कपड्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे वाचायचं काही नसतं, पण कोणता रंग किती हे महत्त्वाचं. हिरवा आणि पांढरा अर्धा-अर्धा घेतला, तर माणूस 'एक्झिट'च्या पाटीसारखा दिसायला लागतो! ती पाटी लांबून डोळ्यांत भरावी म्हणूनच तशी असते. त्यापेक्षा एकाला मोठेपण द्या. विम्बल्डनला सगळीकडे हिरवळ असते आणि तिच्यावर खेळाडूंचे पांढरे कपडे उठून दिसतात. तसंच हिरव्या साडीला पांढरे काठ किंवा मोत्यांचा तन्मणी पुरतो. पांढऱ्या कुर्त्यावर हिरवं उपरणं पुरे. गडद हिरव्याशेजारी शुभ्र पांढरा फार टोचत असेल, तर मोतिया रंग घ्या.

आता एक सोपी परीक्षा. पत्रिकेचा फोटो फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. अक्षरं पुसट झाली, तर रंग बदला. आणि मग घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला ती आधी पाठवा.

यंदा मी तेच केलं. काकांचं उत्तर पाच मिनिटांत आलं : "वेळ स्वच्छ दिसली. आता कार्यक्रम त्या वेळेला सुरू करा."