पहिल्याच ‘नो’ला ताट पुढे जातं

मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या वडनेर भोलजीत पाहुण्याच्या ताटात भरीत-भाकरी वाढली की तो ‘बस, नको आता’ म्हणतो आणि वाढणारी बाई अजून चतकोर टाकतेच. पहिला नकार खरा नसतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरी मात्र आग्रह फारसा होत नाही. ‘वुड यू लाइक सम मोअर?’ला लाजून ‘नो, थँक्यू’ म्हटलं, तर भांडं सरळ शेजारच्याकडे जातं. भूक असेल तर पहिल्याच खेपेला ‘येस, प्लीज’ म्हणावं. त्यात हावरेपणा कोणी पाहत नाही. ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणजे हातानं वाढून घ्या. वाढप्याची वाट पाहत बसू नये.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. मुलांना फळांची, भाज्यांची नावं पाठ होतात. पंगतीतलं बोलणं राहूनच जातं.

‘चाखून पाहा’साठी ‘ट्राय सम’ म्हणणं सोपं. ठेचा पुढे करताना ‘इट्स हॉट’ म्हटलं तर समोरचा फुंकर मारत बसेल. ‘इट्स व्हेरी स्पायसी’ म्हणा आणि पाणी जवळ ठेवा.

खरी पंचाईत वाटून खाण्यात आहे. ‘वॉन्ट अ बाइट?’ म्हणजे माझ्या हातातल्याचाच एक घास तोड. आपल्याकडे उष्टं होऊ नये म्हणून पोरं पेरूवर सदऱ्याचं टोक धरून चिमणीच्या दातांनी तोडतात. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, ही कथा या भागात घरोघर माहीत आहे. तरी उष्ट्याचं सोवळं काही सुटलेलं नाही. तेव्हा असा घास नको असेल तर ‘आय अ‍ॅम ओके, थँक्स’ पुरे, कारण सांगावं लागत नाही. आपली कचोरी द्यायची असेल तर आधीच मोडून ‘वुड यू लाइक सम?’ विचारावं.

‘सावकाश होऊ द्या’ला मात्र इंग्रजीत नेमका जोड नाही. ‘एन्जॉय युअर मील’ म्हणतात, नाहीतर फ्रेंचांकडून ‘बॉन अपेटी’ उसनं घेतात. जेवण झाल्यावर ‘आय अ‍ॅम फुल’ चालतं. पण त्याआधी ‘दॅट वॉज डिलिशस’ म्हणायला विसरू नका.