खाडीपलीकडचा नकाशा

हार्बर लोकल वाशीच्या पुलावर आली की मी हटकून खिडकीबाहेर बघतो. घर बेलापूरला, ऑफिस साऊथ मुंबईत. दिवसाचे जवळपास तीन तास गाडीत. परवा लटकता लटकता वाटलं, रोज ही खाडी ओलांडायला लावायची आयडिया कुणाची बरं? शोधलं, आणि ओशाळलोच. त्या माणसाचा प्लॅन नेमका उलटा होता!

चार्ल्स कोरिया. १९३०चा सिकंदराबादचा जन्म, मुळं गोव्यातली, आणि १९५८पासून प्रॅक्टिस मुंबईत. १९६४मध्ये त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत सुचवलं : मुंबई उत्तरेकडे ताणत नेऊ नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. फंडा सिंपल. नुसती घरं नाहीत, नोकऱ्याही तिकडे न्या. सरकारी ऑफिसं सगळ्यात आधी. १९७०मध्ये सिडको आली आणि कोरिया तिचे चीफ आर्किटेक्ट झाले.

पण मंत्रालय काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भरावावर टॉवर उभे राहिले. घरं खाडीपलीकडे गेली, खुर्च्या बऱ्याचशा अलीकडेच राहिल्या. म्हणून आपण गाडीत!

कोरियांनी आपली सहा हजारांहून जास्त ड्रॉइंग्ज लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला देऊन टाकली. २०१३मध्ये तिथे त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. २०१५मध्ये ते गेले. ती ड्रॉइंग्ज बघायला लंडन गाठणं माझ्या पगारात बसत नाही. पण त्यातलं एक स्वप्न माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर प्रत्यक्ष उभं आहे, हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं.

बेलापूरच्या सेक्टर आठमधलं आर्टिस्ट्स व्हिलेज. १९८०च्या दशकातलं. सात-सात घरं, मध्ये आठ मीटरचं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे कमी पगारवाल्याची आणि जास्त पगारवाल्याची जागा फारशी वेगळी नाही. शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, त्यामुळे पैसे साठले की आपलं घर आपण वाढवायचं. त्याच सुमारास, १९८३मध्ये, याच माणसाची उंच कांचनजंगा पेडर रोडजवळ पूर्ण झाली. तिथल्या श्रीमंतांना त्यांनी दुमजली उंचीच्या टेरेस-बागा दिल्या, इथल्यांना अंगण. मोकळं आभाळ मात्र दोघांच्याही वाट्याला!

रविवारी जाऊन आलो. बरीच जुनी घरं पाडून तिथे उंच बंगले झालेत. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, घर बदलायची मुभा तर नकाशातच होती. अंगणात पोरांचं क्रिकेट चाललं होतं. बॉल माझ्याकडे आला, मी फेकला.

सोमवारी पुन्हा तीच लोकल, तोच पूल. फक्त शिवी द्यायला आता त्या आर्किटेक्टचं नाव तोंडात येत नाही. त्याने नोकरी घराजवळ आणायचं म्हटलं होतं. ऐकलं नाही ते आपण.