समलिंगी पर्यटक मेक्सिकोच्या पुएर्तो वायार्तालाच का जातात?

सुट्टी ठरवताना बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. तिकीट कितीला पडेल? हॉटेल किनाऱ्यापासून किती लांब आहे? पाऊस तर नसेल ना? समलिंगी जोडप्याच्या यादीत आणखी काही प्रश्न असतात. दोन पुरुषांनी एकच डबल बेड मागितला तर रिसेप्शनवर काय होईल? रस्त्यात हात धरला तर कोणी अंगावर येईल का? आणि पोलिसांकडे जायची वेळ आली, तर ते कोणाची बाजू घेतील?

या प्रश्नांची चिंता जिथे बरीच कमी होते, अशा ठिकाणांमध्ये मेक्सिकोच्या पुएर्तो वायार्ताचं नाव हमखास येतं. हालिस्को राज्यातलं, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरचं हे शहर लॅटिन अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध 'गे-फ्रेंडली' ठिकाणांपैकी एक आहे. पण हे घडलं कसं?

सुरुवात एका सिनेमामुळे

1963 मध्ये दिग्दर्शक जॉन ह्युस्टन 'द नाइट ऑफ द इग्वाना'च्या शूटिंगसाठी शहराजवळच्या मिस्मालोयाला आले. सिनेमा टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकावर आधारित होता. विल्यम्स स्वतः समलिंगी होते. पण तेव्हा गाजला तो वेगळाच विषय. नायक रिचर्ड बर्टनसोबत एलिझाबेथ टेलर तिथे राहायला आली होती आणि दोघांचीही लग्नं दुसऱ्यांशी झालेली होती. जगभरचे पत्रकार या छोट्या गावात येऊन थडकले. गावाचं नाव झालं आणि त्यामागोमाग पर्यटक आले.

पुढच्या दशकांत क्वाले नदीच्या दक्षिणेचा जुना भाग समलिंगी पर्यटकांचा अड्डा बनला. या वस्तीचं अधिकृत नाव एमिलियानो झपाटा, पण सगळे तिला 'झोना रोमांटिका' म्हणतात. दगडी रस्ते, छोटी हॉटेलं, बार आणि चालत जाण्याइतका जवळ लोस मुएर्तोस किनारा. या नावाचा अर्थ 'मेलेल्यांचा किनारा' असा होत असला, तरी दिवसभर इथे गर्दी असते. त्याच्या दक्षिण टोकाला निळ्या आणि हिरव्या खुर्च्यांच्या रांगा दिसल्या की आपण समलिंगी पर्यटकांच्या पट्ट्यात आलो हे समजतं. 2013 पासून दर मे महिन्यात इथे प्राइड साजरा होतो.

कायदा काय सांगतो?

मेक्सिकोने 1871 च्या दंडसंहितेतच समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले. पण समाजाचा दृष्टिकोन त्याने बदलला नाही. 1901 मध्ये मेक्सिको सिटीत पोलिसांनी पुरुषांच्या एका नृत्याच्या कार्यक्रमावर धाड टाकून 41 जणांना पकडलं. त्यातले बरेच जण स्त्रीवेशात होते. तेव्हापासून '41' हा आकडाच तिथे टोमणा बनला.

लग्नाच्या हक्काची लढाई टप्प्याटप्प्याने झाली. मेक्सिको सिटीत 2010 मध्ये समलिंगी विवाह सुरू झाले. हालिस्कोच्या कायद्यातली आडकाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये रद्द केली. ऑक्टोबर 2022 मध्ये तामाउलिपासने मंजुरी दिली आणि देशातल्या सर्व 32 राज्यांत हा हक्क मिळाला. 2011 पासून लैंगिक कलावरून भेदभाव करायला राज्यघटनेतच मनाई आहे.

मग तिथे सगळं सुरक्षित आहे का?

नाही. झोना रोमांटिकामध्ये जे सहज चालतं, ते शहराच्या इतर भागांत किंवा आसपासच्या गावांत तितकंच सहज स्वीकारलं जाईल असं नाही. तृतीयपंथी आणि ट्रान्स व्यक्तींच्या हत्यांच्या जागतिक नोंदींमध्ये मेक्सिको वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर आहे. पर्यटकाच्या वाट्याला येणारं स्वातंत्र्य तिथल्याच गरीब ट्रान्स तरुणीला मिळतंच असं नाही.

पर्यटकांनाही धोका आहेच. जून 2025 मध्ये ग्वादालाहारा इथल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाने इशारा दिला होता. पुएर्तो वायार्ता आणि शेजारच्या नुएवो नायारित भागात डेटिंग अॅपवर ओळख झालेल्यांकडून अमेरिकी नागरिकांचं अपहरण होऊन खंडणी मागितली गेल्याचं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे पहिली भेट गर्दीच्या ठिकाणीच घ्या. कुठे आणि कोणाला भेटताय हे मित्राला कळवून ठेवा. अनोळखी माणसाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीवर लगेच जाऊ नका. तिथला आपत्कालीन क्रमांक 911 आहे.

भारतीयांनी काय लक्षात ठेवावं?

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाची गरज नसते. त्यामुळे अमेरिकेत नोकरीला असलेल्या अनेक मराठी तरुणांसाठी हे शहर तसं हाकेच्या अंतरावर आहे. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मेक्सिकन दूतावासाची वेबसाइट जरूर पाहा. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम असतो. डिसेंबर ते मार्चदरम्यान बान्देरासच्या उपसागरात हम्पबॅक व्हेल दिसतात. जून ते ऑक्टोबर हे पावसाचे आणि चक्रीवादळांचे महिने.

एक गोष्ट मात्र परतीच्या विमानात बदलते. भारतात 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. हालिस्कोत कायदेशीर नवरा असलेला जोडीदार मुंबई विमानतळावर उतरल्यावर कायद्याच्या लेखी फक्त मित्र उरतो. दोघांपैकी एक आजारी पडला, तर हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही कोण करणार हा प्रश्न तिथे नसतो, इथे असतो. म्हणूनच सुट्टीचे ते आठ दिवस अनेकांसाठी नुसत्या समुद्रकिनाऱ्यापुरते नसतात.