आमवात: बल्लभगड ते भिगवण

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायचे सोडून स्वतःच्याच पेशींवर हल्ला करू लागते, तेव्हा स्वयंप्रतिकार आजार होतात. आमवात म्हणजेच र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा त्यांतलाच एक. यात सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. उपचार लांबले तर कूर्चा आणि हाड झिजतात.

भारतात हा आजार किती आढळतो? फरिदाबाद जिल्ह्यात, बल्लभगड भागात, दिल्लीच्या एम्समधील डॉ. ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ०.७५ टक्के होते. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण येथे घरोघर पाहणी सुरू केली. तिथे सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे होते. आमवात मात्र साधारण अर्धा टक्का लोकांना होता. म्हणजे प्रत्येक सांधेदुखी आमवात नसते.

मग ओळखायचा कसा? बोटांचे, मनगटाचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजणे आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकणे ही महत्त्वाची लक्षणे. रक्तातील आरए (र्‍हुमॅटॉइड) फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो. मेथोट्रेक्सेट हे यावरचे प्रमुख औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

सूज सहा आठवडे टिकली, तर नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा.